उन्हाळ्यात ११ ते ४ कॅमेरा पेटीतच ठेवायचा का?

चकाकी

नमस्कार मंडळी. उन्हाळी निसर्गाचे फोटो म्हटलं की एकच सल्ला ऐकू येतो: भल्या पहाटे जा, नाहीतर सूर्य कलल्यावर जा. मधल्या वेळेबद्दल कुणी बोलतच नाही.

माझं मत विचाराल तर मधली वेळ वायाच. फुलाच्या वरच्या पाकळ्या पांढऱ्याफटक आणि खालची बाजू काळी ठिक्कर. पानांवर तेलकट चमक. आकाश धुतल्यासारखं फिकं. लांबचा पक्षी काढला तर पाण्याखालून काढल्यासारखा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढून नंतर सावल्या उजळल्या की त्यात नुसती ठिपक्यांची खसखस.

तर जाणकारांना दोन प्रश्न. एक, या वेळेत काही करण्यासारखं आहे का? दोन, असलं तर नेमकं कसं? साधनं सर्वसाधारण धरा: किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी), एक स्वस्तातली टेली (लांबचं जवळ आणणारी लेन्स), आणि खिशातला मोबाइल.

सावलीतला_सरडा

११ ते ४ ही वेळ वामकुक्षीला देऊन टाकलेली आहे. उजेड चांगला असो की वाईट, डोळे मिटल्यावर सारखाच. रुमाल टाकून ठेवतो.

अर्धवर्तुळ

चकाकी, तुमचा प्रश्न घड्याळाकडे बघून विचारलेला आहे, गोची तिथेच आहे. उजेड कोणत्या पृष्ठभागावर कोणत्या कोनातून पडतोय ते बघा.

पोत दिसायला उजेड पृष्ठभागाला घासून जावा लागतो. जमीन आडवी, म्हणून भेगाळलेली माती, वाळूवरच्या लाटा, गवताची पाती या गोष्टी सकाळ-संध्याकाळ उठून दिसतात आणि दुपारी सपाट होतात. पण झाडाचं खोड उभं आहे. खडकाची कडा उभी आहे. सूर्य ७०-८० अंशांवर गेला की तेच दुपारचं ऊन खोडाला घासून जातं. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन जे खोड गुळगुळीत दिसतं, त्याचा खडबडीतपणा दुपारी बाहेर येतो.

मोजायची सोपी युक्ती: स्वतःची सावली बघा. सावली उंचीइतकी असेल तर सूर्य ४५ अंशांवर आहे. त्याहून लांब सावली म्हणजे आडव्या विषयांची वेळ, आखूड म्हणजे उभ्या विषयांची. सूर्य आकाशात तासाला १५ अंश फिरतो. जिथे तो जवळजवळ सरळ वर चढतो, तिथे क्षितिजापासून ६ अंश चढायला साधारण २५ मिनिटं लागतात. ज्याला आपण सोनेरी तास म्हणतो तो अशा ठिकाणी अर्धा तासही नसतो. एवढ्यासाठी उरलेला दिवस टाकून द्यायचा?

झापड

+१. सावलीची पट्टी फुकट आहे आणि तिला चार्जिंग लागत नाही.

ओसाड_वाट

अर्धवर्तुळ, मुद्दा छान, पण खोडाचं उदाहरण अर्धंच बरोबर आहे. बहुतेक खोडांच्या खाचा उभ्या असतात. ऊन वरून आलं तर ते खाचेच्या दिशेनेच घसरत खाली जातं, सावली पडतच नाही. उभ्या खाचांसाठी उजेड बाजूने हवा, म्हणजे सकाळी सूर्य उजव्या किंवा डाव्या हाताला ठेवून उभं राहायचं.

दुपारचं ऊन उपयोगी पडतं ते आडव्या तड्यांना, खवल्यांसारख्या सुटलेल्या सालीला, आणि खोडाला फळीसारख्या चिकटलेल्या बुरशीला. तिच्या प्रत्येक फळीखाली जाड सावली पडते.

अर्धवर्तुळ

मान्य. वाक्य असं दुरुस्त करतो: उजेड खाचेला आडवा यायला हवा. दुपारी खोड निवडताना आडव्या तड्यांचं निवडा.

भिंगरी

मॅक्रोवाल्यांनी (अगदी जवळून काढणाऱ्यांनी) तरी दुपारला नावं ठेवू नयेत. आपला विषय चार इंचांचा. तेवढ्यापुरती सावली करणं कुणालाही जमतं.

लागतं काय? ५०-६० सेंमीचा पांढरा अर्धपारदर्शक डिफ्यूजर (ऊन मऊ करणारा पडदा), घडी होणारा. नसेल तर ट्रेसिंग पेपर तारेच्या कड्यावर ताणून. फुलापासून जितका जवळ तितका उजेड मऊ. हातभर लांब धरलात तर ऊन नुसतं मंद होतं, सावल्यांच्या कडा तशाच कडक राहतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे फूल सावलीत घेतलं आणि मागची जमीन उन्हात राहिली. कॅमेरा फुलासाठी एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) वाढवतो आणि मागचं सगळं पांढरं होऊन उडतं. म्हणून आधी पार्श्वभूमी बघा, मग फूल. उलट फूल उन्हात आणि मागे झाडीची गडद सावली असं सापडलं तर डिफ्यूजर पिशवीतच राहू द्या. ऊन आणि मोकळी सावली यांत तीन-चार स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक असतो. फुलासाठी एक्स्पोजर बांधा, मागचं आपोआप काळं पडतं.

लाल आणि गडद गुलाबी फुलांची वेगळी काळजी. जास्वंदीचा फोटो स्क्रीनवर ठीक दिसतो आणि मोठा करून बघितला की पाकळीवर शिरा नाहीत, नुसता लाल गोळा. कारण हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) एकट्या लाल रंगाची पट्टी उजव्या भिंतीला धडकलेली असते. साधा हिस्टोग्राम सरासरी दाखवतो म्हणून ते कळत नाही. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा, आणि पिक्चर स्टाइल 'व्हिव्हिड'वर असेल तर ती न्यूट्रलवर आणा. रॉ काढत असलात तरी आणा, कारण कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरून (कॅमेऱ्याने तयार केलेल्या चित्रावरून) बनतो.

चकाकी

भिंगरीताई, ही लाल गोळ्याची भानगड आज कळली. दोष लेन्सवर जात होता. कीटकांचं काय? दुपारी ते एका जागी बसतच नाहीत.

भिंगरी

बसतात, पण विषय निवडावा लागतो. कीटकांचं अंग सभोवतालच्या तापमानाप्रमाणे तापतं. सकाळी फुलपाखरू पंख पसरून ऊन खात बसतं. तेव्हा वरून, सेन्सर पंखांना समांतर ठेवून काढा. तापलं की भिरभिरायला लागतं. दुपारी त्याच्यामागे धावण्यापेक्षा ओल्या मातीजवळ थांबा. चिखलातले क्षार शोषायला फुलपाखरं, बहुतेक नरच, तिथे जमतात आणि त्या नादात बराच वेळ हलत नाहीत.

खास दुपारचा विषय म्हणजे चतुर. ऊन असह्य झालं की काही चतुर शेपटाकडचा भाग सरळ सूर्याकडे रोखून शीर्षासन केल्यासारखे काडीवर उभे राहतात. अंगाचा कमीत कमी भाग उन्हात यावा म्हणून. सूर्य डोक्यावर असेल तेव्हा हे आसन जवळजवळ उभं होतं. बाजूने, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन काढा, वरून नको. आणि सावली त्याच्यावर पडू देऊ नका, सावली पडली की उडालाच.

आता आकडे. विषय खऱ्या आकाराइतका सेन्सरवर उतरतो तेव्हा एफ ११ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तर छिद्र लहान) फोकसमध्ये राहणारी जाडी लहान सेन्सरवर जेमतेम १ मिलीमीटर असते. डोळा धरला तर पंख सुटला. एफ २२ करून फायदा नाही. एवढ्या जवळून एफ ११ च प्रत्यक्षात एफ २२ सारखा वागतो आणि आणखी बंद केला तर सगळंच मऊ पडतं. म्हणून एफ ८ ते ११, शटर १/४०० सेकंदापेक्षा वेगवान, आणि फोकस रिंग न फिरवता शरीर पुढेमागे झुलवत सलग सात-आठ फोटोंचा बर्स्ट.

सावलीतला_सरडा

शेपूट सूर्याकडे आणि डोकं खाली. सोमवारी सकाळी कामावर बसणाऱ्यांचं हेच आसन असतं.

अर्धवर्तुळ

भिंगरीच्या प्रतिसादाला फ्लॅशची पुरवणी. कडक उन्हात एफ १६ ला शटर एक भागिले आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), हा जुना नियम अजून चालतो. आयएसओ १०० ला एफ १६ आणि १/१००, म्हणजेच एफ ११ आणि १/२००. बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश सिंक (फ्लॅशशी जुळणारं सगळ्यात वेगवान शटर) १/२०० ते १/२५० च्या आसपास अडतो. त्यामुळे दुपारी फिल फ्लॅश (सावल्या उघडणारा फ्लॅश) वापरायचा तर एफ ११ च्या खाली उतरता येत नाही, उतरलात तर फोटो जळणार. मागचं धूसर हवं असेल तर हाय स्पीड सिंक (याहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) चालू करा, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते, विषय दोन-तीन फुटांतच हवा. फ्लॅशची भरपाई -१.७ च्या आसपास ठेवा. सावल्या उघडल्या पाहिजेत, फ्लॅश मारलाय हे कळता कामा नये.

पाणकणीस

अजून कुणी सीपीएलचं (सर्क्युलर पोलरायझर, चमक गाळणारा फिल्टर) नाव कसं काढलं नाही? पानांवरची तेलकट चमक आणि फिकं आकाश, दोन्हींवर तेच औषध.

पान, पाणी, ओला दगड यांवरची चमक मोठ्या प्रमाणात ध्रुवीकृत (एकाच दिशेने कंप पावणाऱ्या उजेडाची) असते. फिल्टर लावून कडी सावकाश फिरवा. एका जागी चमक गळून पडते आणि पानाचा खरा हिरवा दिसतो. कॅमेरा आडव्याचा उभा केला की कडी पुन्हा फिरवायची, हे नवीन लोक विसरतात.

आकाशासाठी बोटांची बंदूक करा. तर्जनी सूर्याकडे, अंगठा ताठ, आणि मनगट गोल फिरवा. अंगठा जिकडे जिकडे जाईल तिकडचं आकाश सगळ्यात गडद होणार. आता सूर्य डोक्यावर असेल तर अंगठा कुठे फिरतो? क्षितिजाला समांतर, चहूबाजूंनी. म्हणजे दुपारी कुठल्याही दिशेला तोंड करा, क्षितिजालगतच्या आकाशावर सीपीएल चालतो. सूर्य खाली असताना त्याच्या समोर किंवा पाठीला तोंड केलंत तर काहीच फरक पडत नाही.

उथळ, नितळ पाण्याचा तळ काढायचा तर दुपारच उत्तम. सूर्य वर असला की जास्त उजेड पाण्यात शिरतो आणि तळाशी लाटांची ती हलणारी सोनेरी जाळी पडते. पाण्याकडे सरळ खाली न बघता पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन होईल असं तिरकं बघा, त्या कोनाला सीपीएल परावर्तन जवळजवळ पूर्ण खातो. शटर १/५०० तरी हवं, नाहीतर जाळी पुसट होते.

तोटेही लिहितो. एक ते दोन स्टॉप उजेड जातो. १८ मिमीपेक्षा रुंद लेन्सवर आकाशात मधोमध गडद पट्टा येतो. आणि संध्याकाळी काढायला विसरलात तर आयएसओ का चढलाय याचा शोध अर्धा तास चालतो.

झापड

सीपीएलने आकाश इतकं निळं होतं की खोटं वाटतं. माझं मत विरोधात नोंदवा.

पाणकणीस

कडी पूर्ण फिरवायची सक्ती नाही हो. अर्ध्यावर थांबा.

मोबाइलवीर

मोबाइलवाल्यांना कुणी वालीच नाही. घ्या:

पोलरॉइड गॉगलची काच मोबाइलच्या लेन्ससमोर धरून फिरवा. झाला सीपीएल. काच लेन्सला टेकवा, नाहीतर मधे आपलंच प्रतिबिंब येतं.

फोटोआधी लेन्स सुती कापडाने पुसा. बोटाचा तेलकट डाग सावलीत कळत नाही, उन्हात त्याचाच धुरकट पडदा होतो.

विषयावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग सूर्याची खूण खाली ओढा. ढग आणि पांढऱ्या पाकळ्या वाचतात.

फोन तापला की स्क्रीन आपोआप मंद होतो, त्या स्क्रीनवर बघून एक्स्पोजर ठरवू नका. बऱ्याच फोनची शिफारस ३५ अंशांपर्यंतचीच असते. खिशातून काढला, फोटो काढला, परत सावलीत. तापलेला फोन एकदम फ्रिजमध्ये किंवा एसीच्या झोतात ठेवू नका, आत दव धरतं.

आणि हो, पोलरॉइड गॉगल डोळ्यांवर असताना कॅमेऱ्याचा स्क्रीन काही कोनांतून काळा दिसतो. कॅमेरा बिघडलेला नसतो, गॉगल काढा.

ओसाड_वाट

पाण्याखालून काढल्यासारख्या पक्ष्याबद्दल. ती तापलेल्या हवेची थरथर आहे. गरम आणि कमी गरम हवेचे थर उजेड कमीजास्त वाकवतात. ट्रायपॉडने हलत नाही, १/४००० शटरने जात नाही, महागड्या लेन्सने तर जास्तच स्पष्ट दिसते. ऑटोफोकसही त्यात पुढेमागे चाचपडत बसतो.

उपाय एकच, मधली हवा कमी करा. लांबून क्रॉप करण्यापेक्षा जवळ जा, किंवा जवळचा विषय निवडा. डांबर, खडक, वाळू यांच्यावरून नेम धरू नका. गवत किंवा पाण्यावरून धरलात तर थरथर बरीच कमी. जमिनीलगतच्या थरातून काढण्यापेक्षा थोडं उंचावरून काढा. गाडीतून काढत असाल तर एसी बंद करून काचा उघडा आणि आतली हवा बाहेरच्याइतकी होऊ द्या. एसी चालू ठेवून काच खाली केली तर थरथर लेन्सच्या तोंडाशीच तयार होते.

दहा-पंधरा फोटो भरभर काढले की एखादा बऱ्यापैकी स्वच्छ निघतो, पण त्यावर विसंबू नका.

आणि कळकळीची विनंती. उन्हाळ्यात घरट्यांचे फोटो काढू नका. आई पंख पसरून पिल्लांवर सावली धरून असते. तुमच्यामुळे ती उडाली तर उघडी अंडी आणि बिनपिसांची पिल्लं भर उन्हात थोड्या वेळात मरू शकतात. चोच उघडी ठेवून धापा टाकणारा पक्षी आधीच उष्णतेशी झगडत असतो, त्याला उडवायला लावू नका. पाणवठ्याची वाट अडवून बसू नका, बाजूला बसा.

झापड

घरट्याच्या मुद्द्याला हजारदा अनुमोदन. हे धाग्यात वरती चिकटवा.

धुळाक्षर

यंत्राच्या तब्येतीचं थोडं, कारण उन्हाळ्यात फोटोपेक्षा दुरुस्तीची बिलं जास्त निघतात.

बहुतेक कॅमेऱ्यांवर ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. बंद गाडीतलं तापमान ते सहज ओलांडतं, तेव्हा गाडीत ठेवणं नाही. पिशवी काळी असेल तर वर पांढरा पंचा टाका. मोठ्या लेन्स पांढऱ्या रंगवतात त्यामागे कमी तापणं हेही कारण आहे.

एसी खोलीतून दमट उन्हात जाताना लेन्सवर वाफ धरते. आतच झिपच्या पिशवीत कॅमेरा घालून तोंड बंद करा, बाहेर २०-३० मिनिटांनी उघडा. दव पिशवीवर धरेल. वाफ पुसत बसू नका, लेन्स तर मुळीच काढू नका.

लेन्स बदलताना वाऱ्याकडे पाठ, बॉडीचं तोंड खाली, आधी बंद मग बदल. सेन्सरवर धूळ आहे का बघायचं तर एफ १६ ठेवून, फोकस मुद्दाम घालवून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. डाग लगेच दिसतात. हवेच्या रबरी फुग्याने उडवा. तोंडाने फुंकर म्हणजे थुंकीचे शिंतोडे.

डास पळवणाऱ्या मलमात 'डीट' असेल तर ते प्लास्टिक आणि रबराला खातं. ग्रिप चिकट होते, ती परत सुधारत नाही. मलम मनगटाच्या वर लावा, तळवे पुसून मगच कॅमेरा धरा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून थेट लेन्समधून बघायच्या खिडकीतून) सूर्याकडे बघायचं नाही. टेलीमधून तर नाहीच, डोळा कायमचा जातो. मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या, स्क्रीनवरून बघायच्या कॅमेऱ्यात) डोळा वाचतो, पण लेन्सचं तोंड सूर्याकडे करून कॅमेरा ठेवला तर शटर किंवा सेन्सर भाजतो. चालताना झाकण लावा.

काजवा

अवांतर: दिवसाच्या उकाड्याचा परिणाम रात्रीही दिसतो. सेन्सर ६ ते ८ अंशांनी जास्त तापला की अंधारातला त्याचा स्वतःचा गोंगाट साधारण दुप्पट होतो. त्यामुळे उन्हाळ्यात ताऱ्यांचे ३० सेकंदांचे फोटो ठिपक्यांनी भरतात. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू करा. तो तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो काढून वजा करतो, म्हणजे ३० सेकंदांचा फोटो एका मिनिटाचा होतो. दोन फोटोंमध्ये लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चालू चित्र) बंद ठेवा. काजवे काढणाऱ्यांनी टॉर्च आणि फ्लॅश दोन्ही घरी ठेवा. ते चमकून जोडीदाराला खुणा करत असतात, आपल्या उजेडात त्या बुडतात.

सावलीतला_सरडा

धागा दुपारचा आणि हे महाशय रात्री उगवले. नावाला जागले.

चकाकी

सगळ्यांचे आभार. मत अर्धं बदललंय. पण अजून एक शंका आहे. आत्तापर्यंतचं बहुतेक सगळं दुपारचा त्रास कसा टाळायचा याबद्दल आहे. चतुर आणि पाण्याचा तळ सोडले तर दुपारीच मिळेल, इतर वेळी मिळणारच नाही असं काही?

अर्धवर्तुळ

आहे. गोल कवडसे.

झाडाखालचे कवडसे गोल का असतात? पानांमधली फट तर वाटेल त्या आकाराची असते. कारण प्रत्येक बारीक फट पिनहोल कॅमेरा असते आणि जमिनीवर पडतं ते सूर्याचं चित्र. सूर्यग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. सूर्य आकाशात साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे कवडशाचा व्यास म्हणजे फटीपासूनचं अंतर भागिले साधारण १०८. फट ५ मीटर वर असेल तर कवडसा साडेचार सेंमीच्या आसपास, १० मीटरवर असेल तर नऊ-सव्वानऊ सेंमी, पण जास्त फिकट. फट कवडशापेक्षा मोठी असेल तर मात्र फटीचाच आकार उमटतो.

आता तुमचं उत्तर. सूर्य ३० अंशांवर असताना जमिनीवरचा कवडसा रुंदीच्या दुप्पट लांब होतो, अंड्यासारखा. गोल गरगरीत हवा असेल तर सूर्य डोक्यावरच लागतो.

काढायची पद्धत: घट्ट, उंच पानोळ्याचं झाड निवडा. खाली फिकट, सपाट जागा हवी, दगड किंवा बारीक माती. पालापाचोळ्यावर कवडसे तुटतात. स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यावरूनच उजेड मोजणं) कवडशावर, एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप जास्त, मग सावलीतही तपशील राहतो. वारा असेल तर १/२५० च्या खाली जाऊ नका. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) 'डेलाइट'वर बांधून ठेवा. ऑटोवर सोडलात तर पानांतून गाळलेला हिरवा उजेड बघून कॅमेरा सगळं जांभळट करतो.

भिंगरी

वा! एक भर: कॅमेरा जमिनीला समांतर ठेवा. तिरका धरलात तर गोल कवडसाही फोटोत अंडाकृती येतो आणि दुपारपर्यंत थांबल्याचं सार्थक होत नाही.

चकाकी

पण समांतर धरायचा म्हणजे वरून वाकायचं. सूर्य डोक्यावर, म्हणजे आपलीच सावली कवडशांवर.

मोबाइलवीर

हात लांब करून मोबाइल धरा, टायमर ३ सेकंद, रुंद लेन्स नको, दुप्पट झूमवर. फोनची सावली चौकटीच्या कडेला येते, तेवढी कापा. कॅमेरा असेल तर ट्रायपॉडच्या आडव्या दांड्यावर लावून बाजूला व्हा.

सावलीतला_सरडा

किंवा कवडशांच्या मधोमध आडवे व्हा आणि दुसऱ्याला काढू द्या. ११ ते ४ मी उपलब्ध आहे.